मोटारसायकलची नवी चेन व मिस्त्रीची चूक

ज्यांस गांवोगांव फिरावें लागतें, ज्यांचें दूध, भाजी किंवा शाळेची वेळ दुचाकीवर अवलंबून आहे, त्यांस चेन बदलून घेण्याचा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. काम मोठें नाहीं. जाणत्या मिस्त्रीच्या हातून तें तास-दीड तासांत उरकतें. परंतु एवढ्याशा कामांतहि चूक होऊं शकते, आणि ती गाडी दुकानासमोर उभी असतां सहसा दिसत नाहीं; रस्त्यावर, मागें माणूस व पुढें पिशव्या असतां दिसते. तेव्हां अशी चूक ओळखावी कशी, ती कोणाच्या पदरीं घालावी, व ती सरळपणें दुरुस्त कशी करून घ्यावी, ह्याचा विचार आज आम्ही करूं इच्छितों.

उदाहरणासाठीं आम्ही केडगांव घेतों. केडगांव म्हटलें कीं आमच्या पुष्कळ वाचकांस दौंड तालुक्यांतील पंडिता रमाबाईंचें केडगांव आठवेल. आम्ही म्हणतों तें नगरजवळचें, पुणें रस्त्यावरचें, जें आतां महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. (नगर शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें आहे.) दुचाकीचें ज्ञान ह्या भागास नवें नाहीं. १९७२ सालीं निघालेली ल्युना ही लहान गाडी नगरच्याच कारखान्यांतून देशभर गेली. असें समजा कीं, एक गृहस्थ सकाळीं केडगांवीं आले, त्यांनीं चेन बदलून घेतली, आणि सायंकाळीं पत्नीस मागें बसवून चास-कामरगांवाकडील चढउताराच्या रस्त्यानें घरीं निघाले. उतारावर त्यांनीं पायाचा ब्रेक दाबला, तों तो नेहमींपेक्षां फार खोल गेला. सकाळीं हाच ब्रेक चांगला होता व ब्रेकला तर कोणी हात लावला नव्हता. मग हें झालें कसें?

ह्याचें उत्तर समजण्यास चेनची रचना थोडी ठाऊक असली पाहिजे. हल्लींच्या नमुन्याची रोलर असलेली चेन हॅन्स रेनोल्ड ह्या मूळच्या स्विस कारागिरानें इंग्लंडांत मँचेस्टर येथें १८८० सालीं काढली. तिच्या प्रत्येक सांध्यांत एक पिन, तिच्यावर एक पोकळ नळी व नळीवर फिरणारा रोलर असतो. पुष्कळ दिवस वापरलेली चेन "ताणली" असें आपण म्हणतों. वास्तविक लोखंड ताणलें जात नाहीं, तर पिन व नळी एकमेकांवर घासून झिजतात, आणि शंभर सांध्यांची केसाएवढी झीज एकत्र होऊन चेन लांब होते. शंभर-सव्वाशे सी. सी. च्या पुष्कळ गाड्यांस ४२८ ह्या मापाची चेन लागते. त्यांतील पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात् एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच. वीस सांध्यांची लांबी नवी असतां २५४ मिलिमीटर भरते; ती चार-पांच मिलिमीटरनें वाढली म्हणजे चेनचें आयुष्य संपत आलें असें समजावें.

आतां त्या ब्रेकविषयीं. जुनी चेन लांबत गेली, तसतसें तिचा ढिलेपणा काढण्यासाठीं मागचें चाक थोडें थोडें मागें ओढलें गेलें, आणि ब्रेकचा रॉडहि त्या मानानें जुळविला गेला. नवी चेन आंखूड. ती बसवितांना चाक पुढें घ्यावें लागतें. चाक पुढें आलें कीं रॉड सैल पडतो, व पायाखालचा ब्रेक खोल जातो. ड्रम ब्रेकच्या गाडींत रॉडच्या टोंकाचा नट कांहीं फेरे आंत घेतला म्हणजे हा दोष जातो. काम पानाभर फिरविण्याचें, पण तें राहिलें तर उतारावर काय होईल हें आम्ही सांगावयास नको. चेन बदलतांना होणाऱ्या चुकांत ही फार सहज होणारी, कारण ज्या भागास हात लावला नाहीं, तो पुन्हां तपासण्याचें मनांत येत नाहीं.

दुसरी चूक लॉकची. चेनचीं दोन टोंकें जोडणाऱ्या सांध्यावर एक लहान पट्टी असते; तिचें एक तोंड बंद व दुसरें फांकलेलें, दिसावयास मासोळीसारखी. मासोळीचें डोकें चेनच्या चालीच्या दिशेस असावें. चेनची वरची बाजू पुढें धांवते, म्हणून वरच्या बाजूस डोकें पुढच्या चाकाकडे. तोच सांधा फिरून खालीं आला म्हणजे डोकें मागच्या चाकाकडे दिसेल. उलट बसविलेली पट्टी एखाद्या खड्याला किंवा कव्हरला अडकून निसटण्याचा संभव असतो, आणि चेन चालत्या गाडींत तुटली तर ती इंजिनाचें आवरण फोडूं शकते किंवा मागचें चाक जाम करूं शकते.

तिसरी गोष्ट चाकाच्या एक्सलची. तो नट पुरता आवळला आहे काय, त्याची पिन पुन्हां घातली आहे काय, आणि ब्रेकची प्लेट जागीं धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट बसविला आहे काय, हें पाहिलेंच पाहिजे. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबतांच प्लेट चाकाबरोबर फिरूं लागते. ह्या तिन्ही चुका जिवाशीं संबंध ठेवणाऱ्या आहेत. ह्यांपैकीं एकहि आढळली तर गाडी चालवीत दुकानापर्यंत नेण्याचा मोह धरूं नये. दुकान जवळ असेल तर ढकलीत न्यावी, दूर असेल तर मिस्त्रीस फोन करून जागेवर बोलवावें.

बाकीच्या चुका इतक्या तांतडीच्या नव्हेत, पण पैसे खाणाऱ्या आहेत. चेन फार तंग ठेवली तर गिअरबॉक्सचें व चाकाचें बेअरिंग लवकर जातें. फार ढिली ठेवली तर ती दांत्यांवरून उडी मारते. खालच्या बाजूच्या मध्यभागीं बोटानें वरखालीं करून किती हालते तें मोजावें. पुष्कळ लहान गाड्यांस वीस ते तीस मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते, परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत जो आंकडा छापला असेल तोच खरा. एकाच जागीं मोजून थांबूं नये; चाक हातानें फिरवून तीन-चार जागीं मोजावें, आणि जेथें सर्वांत तंग लागेल तेथील माप धरावें. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर रेघा असतात. त्या दोन्हीकडे सारख्या नसतील तर चाक तिरपें बसलें आहे.

येथें दोष कोणाचा हा प्रश्न येतो, आणि ह्यांतच बहुतेक भांडणें होतात. जुन्या स्प्रॉकेटचे दांते झिजून एका अंगास वांकडे झाले असतां त्यावर नुसती नवी चेन चढविली, तर ती चेन लवकरच खराब होते. मिस्त्रीनें "पूर्ण सेट घाला" असें सांगितलें, आणि मालकानें पैसे वांचविण्यासाठीं "नुसती चेनच घाला" असें म्हटलें, तर पुढें चेन आवाज करूं लागल्यावर मिस्त्रीच्या नांवानें बोटें मोडणें न्यायाचें नाहीं. मिस्त्रीनें दांते पाहिलेच नाहींत, किंवा पाहून सांगितलें नाहीं, तर तो त्याचा दोष. चेनच हलक्या प्रतीची निघाली तर ती कोणीं आणली हें पाहावें: मालकानें बाजारांतून स्वस्त आणून दिली असेल तर मिस्त्री तिला जबाबदार नाहीं, मिस्त्रीनें स्वतःच्या दुकानांतून अस्सल म्हणून विकली असेल तर आहे. आणि नवी चेन घालून सहा महिने तिला तेलाचा थेंबहि न दाखवितां जो तक्रार घेऊन जातो, त्याच्याशीं काय बोलावें हें आम्हांस सुचत नाहीं.

दोष मिस्त्रीचा आहे असें दिसल्यावर लोक बहुधा दोहोंपैकीं एक करितात. कोणी दुकानावर जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत आरडाओरड करितो. कोणी मुकाट्यानें दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन पुन्हां पैसे भरतो आणि गांवांत पहिल्याची निंदा करितो. दुसऱ्या रीतीस पुष्कळ लोक सहनशीलता समजतात; आम्हांस ती तशी वाटत नाहीं. दुसऱ्या मिस्त्रीनें नट खोलले कीं पहिल्यानें काय केलें होतें ह्याचा पुरावा नाहींसा होतो. शिवाय पहिल्याला आपली चूक कळतच नाहीं. लॉक उलट घालणारा तो हात उद्यां दुसऱ्या कोणाच्या गाडीवर तसाच चालेल, आणि त्या गाडीवर मागें एखादें लेंकरूं बसलेलें असेल. म्हणून, ज्यानें चूक केली त्याच्याच हातून, त्याच्याच दुकानांत, आपल्या डोळ्यांदेखत ती सुधारून घ्यावी.

जाण्यापूर्वीं कांहीं तयारी करावी. कोणतीहि वस्तु खोलूं नये. जशी आहे तशी तिचीं फोनवर दोन-तीन छायाचित्रें घ्यावीं. मीटरवरील किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा. पावती जवळ असावी. आणि जुनी चेन व जुने दांते मिस्त्रीकडून मागून घेण्याची संवय काम देतेवेळींच ठेवावी, कारण काय बदललें व तें बदलण्याजोगें होतें कीं नाहीं, ह्याची साक्ष तोच जुना माल देतो. "तुम्ही माझी गाडी बिघडविली" असें म्हटल्यानें समोरचा माणूस आपला बचाव करूं लागतो. "मिस्त्री, तुम्ही चेन घातल्यापासून पायाचा ब्रेक खोल जातो, जरा रॉड पाहतां का?" असें म्हटल्यानें तो पाना उचलतो. मिस्त्रीस जरा बाजूस घेऊन बोलावें. आणखी एक गोष्ट: लहान दुकानांत चाक बसविण्याचें काम पुष्कळदां शिकाऊ पोराच्या हातून झालेलें असतें. मालक त्या पोराला आपल्यादेखत मारावयास उठला तर आपण आडवें यावें. त्यानें बसविलेलें तपासून देणें हें मालकाचें काम होतें. पोराला तेथेंच मासोळीचें डोकें कोणीकडे असावें हें दाखवावयास सांगावें. एवढें त्याला पुरे आहे.

मागावें किती? चूक सुधारण्याची मजुरी द्यावी लागूं नये, व चुकीमुळें खराब झालेला भाग मिस्त्रीनें स्वखर्चानें बदलून द्यावा, इतकें मागणें रास्त आहे. त्या निमित्तानें जुना टायर किंवा अगोदरच आवाज करणारें बेअरिंग त्याच्या गळ्यांत बांधूं नये.

कायदा ह्याविषयीं मुका नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणें, दुसऱ्याची वस्तु ज्याच्या स्वाधीन झाली, त्यानें तिची काळजी साधारण शहाणा मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची घेतो तेवढी घेतली पाहिजे. त्याच कायद्याचें १७० वें कलम कारागिराच्या बाजूचें आहे: सांगितलेलें काम नीट पार पाडलें असेल, तर मजुरी मिळेपर्यंत तो ती वस्तु आपल्याजवळ ठेवूं शकतो. म्हणून "आधीं गाडी द्या, मग पैशाचें बघूं" असें दरडावूं नये.

गोडीनें सांगूनहि मिस्त्री ऐकत नसेल, तर ग्राहकाचा कायदा आहे. पुण्यास बिंदुमाधव जोशी ह्यांनीं १९७४ सालीं ग्राहक पंचायत सुरू केली. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आहे. पैसे घेऊन केलेल्या कामांतील उणीव ह्या कायद्याखालीं येते. जो स्वतः दूध घालून किंवा भाजी विकून पोट भरतो, तोहि स्वतःच्या उदरनिर्वाहासाठीं गाडी वापरतो म्हणून ग्राहकच गणला जातो. प्रथम १९१५ ह्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवितां येते. तेवढ्यानें न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत अर्ज करावा. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं, व वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. मात्र हातीं पावती नसेल तर फार कठीण जातें. म्हणून कच्च्या कागदावर का होईना, तारीख, गाडीचा क्रमांक, घातलेल्या मालाचें नांव व रक्कम लिहून मिस्त्रीची सही घ्यावी. चार-पांचशे रुपयांसाठीं आयोगापर्यंत जाणें प्रत्येकास परवडेलच असें नाहीं, हें आम्ही जाणतों. पण जेथें एक्सलचा नट सैल राहिल्यामुळें कोणी जायबंदी झाला, तेथें "जाऊं द्या" म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

दुरुस्ती झाल्यावर पत्नीस किंवा लेंकरास लगेच मागें बसवूं नये. एकट्यानें सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर हळू जाऊन यावें, ब्रेक चार वेळां दाबून पाहावा, आणि परत आल्यावर मागच्या चाकाच्या मध्यभागाजवळ जपून हात न्यावा. तो भाग चटका बसेल इतका तापला असेल तर ब्रेक आतां फार आवळला गेला आहे, तो थोडा सैल करून घ्यावा. नवी चेन पहिल्या कांहींशें किलोमीटरांत थोडी बसते व ढिली पडते. ही मिस्त्रीची चूक नव्हे. पंधरा दिवसांनीं केडगांवाकडे येणें होईल तेव्हां त्याच दुकानीं थांबून ढिलाई पुन्हां मोजून घ्यावी, व चाक सरकविलें तर रॉडचा नट आठवणीनें पाहावयास सांगावा.