शेवंड

मुंबईच्या कुलाबा भागात समुद्राला लागून ससून गोदी आहे. १८७५ साली बांधलेली ही गोदी आज मासळीचे मोठे बंदर आहे. उजाडण्यापूर्वीच नौका धक्क्याला लागतात आणि मासळीच्या टोपल्या वर चढू लागतात. कोळिणी भराभर मासळी निवडतात. लिलावाची बोली उंच स्वरात सुरू होते. बोंबील, कोळंबी, पापलेट यांच्या राशींत एखाद्या टोपलीत लांब मिशांचा काटेरी प्राणी दिसतो. हीच शेवंड. तिला भाव चांगला मिळतो, म्हणून व्यापारी तिच्याभोवती गर्दी करतात.

शेवंड हा मासा नव्हे. ती खेकडा व कोळंबी यांच्या कुळातील आहे. तिला दहा पाय असतात आणि अंगावर कठीण कवच असते. कवच वाढत नाही. म्हणून अंग वाढू लागले की ती जुने कवच टाकते आणि नवे कवच टणक होईपर्यंत दडून राहते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर कपारींना तोटा नाही. दिवसा ती त्यांत लपते व रात्री भक्ष्य शोधते. संकट येताच शेपटी पोटाखाली जोराने ओढून ती मागच्या मागे झेप घेते.

मादी आपली अंडी शेपटीखाली चिकटवून बाळगते. ती लाखांनी असतात. परंतु त्यांतून निघालेली पानासारखी पातळ, पारदर्शक पिले कित्येक महिने पाण्यात तरंगत राहतात आणि त्यांतील फारच थोडी जगतात.

मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी चपटी शेवंडही पूर्वी विपुल मिळे. तिची मादी त्या मानाने बरीच कमी अंडी घालते. परदेशांतून मागणी वाढली, तशी यांत्रिक नौकांच्या जाळ्यांत सापडलेली प्रत्येक शेवंड धक्क्यावर येऊ लागली. अंडी असलेल्या माद्याही त्यांतून सुटल्या नाहीत. १९९४ पर्यंत मुंबईच्या धक्क्यांवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. समुद्र तोच होता, नौकाही होत्या; मात्र टोपल्या रिकाम्या राहिल्या. पुढे २००३ साली भारत सरकारने निर्यातीसाठी शेवंडीची किमान वजने ठरवून दिली. मुंबईकडील काटेरी जातीची जिवंत शेवंड ३०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची असल्यास ती परदेशी पाठवता येत नाही.

अमेरिकेतील मेन राज्याचा किनाराही असाच खडकाळ आहे. तेथील मच्छीमार पिंजरे लावून मोठ्या नांग्यांची शेवंड धरतात. अंडी असलेली मादी सापडली, तर तिच्या शेपटीला लहानशी खाच पाडून ते तिला पाण्यात सोडतात. पुढे ती दुसऱ्या कोणाला सापडली आणि तिच्याजवळ अंडी नसली, तरी खाच पाहून तोही तिला सोडून देतो. पहिल्याने सोडलेली मादी दुसऱ्यानेही राखली, तरच त्या खाचेला अर्थ उरतो.

हातात आलेली शेवंड सोडणे सोपे नाही. त्या दिवसाची मिळकत तेवढी कमी होते, आणि घरी माणसे वाट पाहत असतात. तथापि पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या कोळी समाजाला थांबण्याचे मोल ठाऊक आहे. आज पाण्यात परत गेलेली एक मादी उद्याच्या अनेक टोपल्या भरू शकते.