'रिंगवर्ल्ड'ला दोन तारे?

चि. ओंकार,



लॅरी निव्हनच्या 'रिंगवर्ल्ड'वरचं तुझं टिपण वाचलं. ताऱ्याभोवती फिरणारं असलं कडं टिकणारच नाही, सबब दोन तारे, असा तुझा निकाल. आक्षेप बरोबर आहे. पण खरी मजा जिथे सुरू होते तिथेच तू पेन खाली ठेवलंस.

ही कादंबरी १९७० सालची. ताऱ्याभोवती, साधारण पृथ्वी सूर्यापासून आहे तितक्या अंतरावर, सोळा लाख किलोमीटर रुंदीचं कडं. प्रचंड वेगाने फिरतं म्हणून आतल्या बाजूला माणसांचे पाय जमिनीला टेकतात. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीची पोरं 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणा देत हॉटेलभर फिरली. हिशेब सरळ होता. अखंड कडं जरा सरकलं की जवळ आलेली बाजू जास्त ओढली जाते, आणि अखेर ते ताऱ्यावर आदळतं. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गाने तर कड्यावरची सगळी माती काही हजार वर्षांत समुद्रात जाईल असं गणित मांडलं. काय हौशी पोरं!

निव्हनने मग पुढे 'रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स' लिहिली. कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिनं होती, पण तिथल्याच लोकांनी ती काढून आपल्या अवकाशयानांना लावली, म्हणून कडं सरकू लागलं! वाचकांनी दाखवलेल्या चुकीतूनच त्याने कथानक काढलं.

माझं ऐकशील तर अभिप्राय लिहिताना लेखकाने काय गृहीत धरलंय ते आधी त्याच्या बाजूने मांड आणि मग त्याच्याच नियमांनी त्याला धर. मूळ 'रिंगवर्ल्ड'मध्येच नशीबही आनुवंशिक असतं असं एक अचाट गृहीतक आहे. मूल होऊ देण्याचा परवाना लॉटरीत लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जिंकणाऱ्यांच्या पोटी टीला ब्राउन जन्मते. शास्त्र म्हणून हे भुसभुशीत. पण जिला कधी ठेचच लागली नाही तिला सावधपणा कुठून येणार, हा धागा निव्हन चिवटपणे ओढत नेतो. त्या कल्पनेबाहेर मात्र टीला माणूस म्हणून फारशी उरत नाही. मला कड्यापेक्षा हे जास्त खटकलं, आणि तुझ्या टिपणात तिचं नावही नाही.

नेमका आक्षेप काय करू शकतो याचं आणखी एक उदाहरण घे. उर्सुला ले ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधल्या ग्रहवासीयांत कायमचं स्त्री वा पुरुष कुणीच नाही, तरी सगळ्यांचा उल्लेख पुल्लिंगी. वाचकांनी यावर बोट ठेवलं. बाईंनी आधी समर्थन केलं, पण पुढे काही वर्षांनी आक्षेप मान्य केला. दोन तारे देऊन मोकळं होणाऱ्याला असं बोट ठेवता येत नाही.

तेव्हा टिपण पुन्हा लिही. कड्याचा आक्षेप राहू दे, पण एका परिच्छेदात आटप. बाकी जागा टीलाला दे. 'इंजिनिअर्स' माझ्याकडे आहे, दिवाळीला आलास की ने.

तुझा,
मामा