चढणीची किंमत

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात 'बार्कली मॅरॅथॉन' नावाची डोंगरी शर्यत होते. पाच फेऱ्या, अंतर सुमारे १६० किलोमीटर, मुदत ६० तास. सगळी चढण मिळून सुमारे १८,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या दुप्पट!

ब्रिटनमधील पशुवैद्य जॅस्मिन पॅरिस यांनी २०१९ मध्ये तिकडची ४३१ किलोमीटरची 'स्पाइन' शर्यत पुरुषांनाही मागे टाकून जिंकली होती. बार्कलीत मात्र २०२२ व २०२३ मध्ये त्यांना पाच फेऱ्या पुऱ्या करता आल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये ५९ तास ५८ मिनिटे २१ सेकंदांत ती शर्यत पुरी करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

या चढणीला ऊर्जा किती लागते? समजा, धावणाऱ्याचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे.

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची
= ५० × ९.८ × १८,०००
= ८८,२०,००० ज्यूल

म्हणजे सुमारे २,१०० किलोकॅलरी. परंतु स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा हिस्साच कार्यात बदलतात. बाकीची उष्णता होते. म्हणून खरा खर्च सुमारे ८,४०० किलोकॅलरी! उतरताना तो भरून निघत नाही, कारण तेव्हा स्नायूंना ब्रेकचे काम करावे लागते.

शरीरातील ग्लायकोजेनचा साठा जेमतेम २,००० किलोकॅलरींचा. उरलेली गरज चरबी आणि वाटेतले खाणे भागवते. चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून येथे वेगापेक्षा बेताची चाल महत्त्वाची.

पॅरिस यांच्या हाती ९९ सेकंद उरले होते. ६० तासांचा हा कितवा हिस्सा, ते तुम्हीच काढा!