वजनाची वही : लिहायची कुणी, तपासायची कुणी?



प्राथमिकच्या वर्गात आपण ‘वजन’ हा घटक शिकवतो. किलो, ग्रॅम, तराजू. हा घटक घरातल्या आजारी माणसाचा जीव वाचवू शकतो, हे मला माझ्या वडिलांच्या आजारपणात कळलं.

आण्णांना हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टरांनी रोज वजन करून लिहायला सांगितलं होतं. माझी मुलगी लिहायची. ५८, ५८.५, ५९.५, ६०.५. अक्षर सुंदर, एकही दिवस चुकला नाही. पण वही कुणी पाहिलीच नाही. पायावर सूज दिसली तर आम्ही म्हणालो, शेतात लई चाललेत. मग एका रात्री त्यांना आडवं होता येईना. बसूनच दम लागायला लागला. तशा रात्री निलंग्याहून लातूर गाठलं. तिथं डॉक्टरांनी वही चाळली आणि विचारलं, “हे आकडे कुणी बघितले नाहीत का?” रोज चाळीस वह्या तपासणारी मी. उत्तर देता आलं नाही.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

हृदय बंद पडणं नव्हे. हार्ट अटॅकही नव्हे. विहिरीवरची मोटार चालू असते, पण पाणी पुरेसं फेकत नाही, तसं हृदयाचं होतं. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपणच शिकवतो. म्हणून दम लागण्याआधी पुष्कळदा काटाच सांगतो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली, की लगेच डॉक्टरांना कळवायचं.

जगाचा अनुभव

अमेरिकेत १६५३ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला वजन व त्रास सांगायचा. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक दिसला नाही. पुष्कळांनी फोन करणंही हळूहळू सोडलं. जर्मनीत २०१८ साली दीड हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. तिथं वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन रोज एका केंद्रात जायचं. केंद्रात डॉक्टर आणि नर्स रात्रंदिवस हजर, रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी संपर्कात. तिथं दवाखान्यात गेलेले दिवस घटले, मृत्यूही कमी झाले. दोन्ही अभ्यास वेगळे होते, पण आपल्याला ओळखीची गोष्ट एकच : वही तपासणारं माणूस हवं.

आपल्या गावात काय करता येईल?

१. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. सूज आणि रात्री लागणाऱ्या उशांची संख्याही लिहा.
२. घरातल्या एका मोठ्या माणसाने रोज आकडा पाहून सही करायची. मुलाने फक्त लिहायचं; निर्णयाचं ओझं त्याच्यावर नको.
३. किती वाढलं तर कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.
४. आशाताईंना वही दाखवा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून आरोग्य केंद्रातूनच लांबच्या डॉक्टरांशी बोलता येतं. तेव्हाही वही सोबत ठेवा.
५. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे कमी. दुखण्याची गोळी मेडिकलवरून मनानं आणू नका. काही गोळ्यांनी अंगात पाणी वाढतं. बरं वाटलं म्हणून हृदयाच्या गोळ्या बंद करू नका.
६. बसूनही दम लागला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर वही बाजूला ठेवून थेट १०८.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना चार दिवसांची काल्पनिक वजनं द्या. कोणत्या दिवशी आजोबांच्या डॉक्टरांना फोन करायला हवा, ते वजाबाकी करून शोधू द्या.

आण्णा आता घरी आहेत. मुलगी आकडा लिहिते आणि वही माझ्यापुढं धरून उभी राहते : “आई, सही.” सही झाल्याशिवाय ती शाळेला निघत नाही.