बारावीचे गुण आणि शिकवणीची गरज

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली, की नागपुरातील शंकरनगर, रामदासपेठ, नंदनवन या भागांत खाजगी शिकवणी वर्गांच्या फलकांवर नव्या मुलांची छायाचित्रे झळकू लागतात, आणि त्याच सुमारास शहरातले तसेच भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडले परिचित-अपरिचित पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : बारावीला उत्तम गुण मिळवायचे तर शिकवणी लावलीच पाहिजे काय? कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविण्यात आणि मंडळाच्या उत्तरपत्रिका प्रथम परीक्षक व पुढे नियामक या नात्याने तपासण्यात माझी उमेद खर्ची पडली आहे. सबब माझे उत्तर ऐकीव गोष्टींवर आधारलेले नाही. शिकवणी लावलीच पाहिजे असे मुळीच नाही. किंबहुना आज ती ज्या रीतीने लावली जाते, त्या रीतीने ती बारावीच्या गुणांना पुष्कळदा बाधकच ठरते. हे विधान ज्यांना कठोर वाटेल, त्यांच्यासाठी माझ्या घरातलीच एक हकीकत सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साकोलीच्या मराठी शाळेतून दहावीला फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. आमचे मेहुणे सरळ मनाचे गृहस्थ. मुलगा डॉक्टर व्हावा ही इच्छा आणि त्यासाठी नागपूर गाठले पाहिजे ही समजूत, या दोहोंच्या भरात त्यांनी एका वर्गाची दोन वर्षांची फी एकरकमी भरली आणि नंतर मला कळविले. ज्या व्यवस्थेला इकडे 'टाय-अप' म्हणतात, तीच ही : मुलाचे नाव शहराबाहेरील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि मुलगा मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गाच्या बाकावर. २०१८ साली शासनाने नागपूरसह काही शहरांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढला तो याच प्रकाराला आळा घालण्यासाठी. पण ज्या हजेरीची खुद्द पालकालाच गरज वाटत नाही, ती यंत्राने कितीशी वाढणार? मुलाच्या बुद्धीत काही उणे नव्हते आणि कष्टातही नव्हते. उणे काय होते ते पुढे दिसले.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा प्राचार्यांची परवानगी घेऊन मी त्याला एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेत आणले. समोर मीटर ब्रिज मांडला. सूत्र त्याने तत्काळ सांगितले, त्यावरचे गणितही तोंडी करून दाखविले. परंतु जोडणी करताना गॅल्व्हानोमीटर कोठे लावावा येथेच तो अडला, आणि मी जोडून दिल्यावर त्याने जॉकी हातात घेऊन तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ घासत नेली. जॉकी तारेवर अलगद टेकवायची, काटा कोणत्या बाजूस वळतो ते पाहायचे, उचलायची आणि पुन्हा टेकवायची. घासली तर तार झिजते, तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही आणि ज्या गृहीतावर हा सारा प्रयोग उभा आहे तेच ढासळते. दोन वर्षे विज्ञान शिकलेल्या या मुलाने ते उपकरण त्यापूर्वी केवळ आकृतीत पाहिले होते. भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते सगळीकडे उदारपणे मिळतात म्हणून त्यांची फिकीर करू नये, असे त्याला वर्गात सांगण्यात आले होते. गुण कदाचित मिळतीलही. पण ज्याने काटा शून्यावर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला लेखी परीक्षेत संतुलनबिंदूवरचा प्रश्न पाठ करावा लागत नाही, हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे की त्याविषयी मला तिळमात्र शंका उरलेली नाही.

निकाल लागला तो सर्वांच्या अपेक्षेहून पुष्कळ खाली. तपासणीत काही घोटाळा झाला असावा अशी मेहुण्यांची खात्री होती, म्हणून मुदतीत अर्ज करून आम्ही उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविली. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत आधी घ्यावीच लागते. पण पुनर्मूल्यांकन करावयाचे नसले तरीही ती घ्यावी असे मी प्रत्येकास सांगतो, कारण आपले मूल परीक्षेत नेमके काय लिहिते हे बहुतेक आईबापांना तोवर ठाऊकच नसते. भौतिकशास्त्राच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांना अवघे १० गुण असतात, अतिलघूत्तरी प्रश्नांना ८, आणि उरलेले ५२ गुण दोन, तीन व चार गुणांच्या सविस्तर उत्तरांना. भाच्याचे बहुपर्यायी प्रश्न जवळजवळ सर्व बरोबर होते. पुढे मात्र जेथे वायूच्या दाबाचे सूत्र रेणूंच्या गतीवरून सिद्ध करून दाखवायचे होते, तेथे घनाकृती पात्राची आकृती नाही, भिंतीवर आदळून परतणाऱ्या रेणूच्या संवेगात किती बदल होतो ते नाही, दोन आघातांमधील काळ नाही. दोन त्रोटक समीकरणे आणि त्यांखाली चौकटीत अंतिम सूत्र. गणितांत उत्तर अचूक, पण एकक गाळलेले. परीक्षकाच्या हाती पायरीगणिक गुणांची उत्तरसूची असते. जी पायरी कागदावर नाही तिचे गुण त्याने कोठून द्यावेत? मी नियामक असतो तर मीही तेवढेच गुण दिले असते. "मामा, येत तर होतं मला सारंच," एवढेच तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते.

प्रवेशपरीक्षा आणि मंडळाची परीक्षा या दोन वेगळ्या विद्या आहेत. नीटमध्ये चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि चुकल्यास गुण वजा होतात. तेथे लिहिण्याला वाव नाही, म्हणून वर्गही लिहायला शिकवीत नाहीत. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणानुक्रमात बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो गेला आणि बारावी म्हणजे केवळ पात्रतेची पायरी अशी भावना घरोघर दृढ झाली. वस्तुतः आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशास सर्वसाधारण गटाला बारावीत ७५ टक्के गुण, नाहीतर मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीकडे वळणाऱ्या मुलांसाठी केंद्राने आखलेली वार्षिक ८० हजार रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती बारावीत आपापल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच आखली गेली. प्रवेशपरीक्षेसाठी कोणास वर्ग लावायचा असेल तर तो त्याचा निर्णय आहे, आणि पुष्कळांना त्याचा उपयोग होतो हे मी नाकारीत नाही. तथापि बारावीच्या गुणांसाठी म्हणून तोच वर्ग विकत घेऊ नये.

मग शिकवणी कोणालाच नको काय? असेही नाही. आमच्या विदर्भात मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे अकरावीला जो डोंगर उभा राहतो त्याचे दुःख शहरातल्या इंग्रजी शाळांत वाढलेल्यांना कळणे अवघड आहे. काल ज्याला त्वरण म्हणत होतो ते आज अॅक्सिलरेशन होते. विज्ञानाची पाठ्यपुस्तके इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी, आणि हुशार मुलगा पहिल्या घटक चाचणीत नापास होऊन स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो. अशा मुलाला पहिले तीन-चार महिने कोणी रोज तासभर शेजारी बसून पुस्तकातील परिच्छेद वाचवून घेतला, अर्थ मराठीतून समजावला आणि उत्तर इंग्रजीतून लिहवून घेतले, तर ती शिकवणी सार्थकी लागली असे मी म्हणेन. तसेच एखाद्याचे कलन कच्चे असते, एखाद्याला सेंद्रिय रसायन जात नाही. तेवढ्यापुरता शिक्षक अवश्य करावा. पण तक्रार कोणती ते आधी ठरलेले असावे, मुदत ठरलेली असावी, आणि त्यापायी महाविद्यालयाचा एकही तास बुडू नये.

भाच्याने पुढे श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षा दिली, तीही कोणत्याही वर्गाविना. त्याचा क्रम साधा होता. बालभारतीचे पुस्तक प्रस्तावनेपासून प्रत्येक धड्याखालच्या स्वाध्यायापर्यंत वाचायचे. प्रत्येक सिद्धता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायची आणि मग स्वतःच लाल शाईने तपासायची. रविवारी घड्याळ लावून मंडळाची एक जुनी प्रश्नपत्रिका पुरी सोडवायची. बारा प्रश्नांतून आठ सोडवायचे असतात तेथे कोणते आठ, हे लेखणी उचलण्यापूर्वी ठरवायलाही तो येथेच शिकला. अडले ते मला विचारी. पण मी त्याचा मामा होतो म्हणून हे साधले असे कोणी म्हणू नये, कारण ज्या प्रकारच्या शंका त्याने मला विचारल्या, त्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाने तास संपल्यावर व्हरांड्यात उभे राहून फेडल्या असत्या. विद्यार्थी विचारायला येतच नाहीत, ही माझ्या व्यवसायबंधूंची खंत आहे. त्याचे गुण वाढले, आणि विशेषतः दीर्घोत्तरी प्रश्नांत वाढले.

एकरकमी भरलेल्या फीपैकी एक रुपयाही परत आला नाही, कारण मेहुण्यांच्या हाती अटींचा कागद नव्हता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना जी मार्गदर्शक तत्त्वे धाडली, त्यांत सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलाला दाखल करू नये, शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आणि मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उर्वरित काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे स्पष्ट नमूद आहे. हा कागद पालकांनी वाचलेला असावा. निव्वळ बंदीने मात्र हे थांबत नाही : दक्षिण कोरियात १९८० साली लष्करी राजवटीने खाजगी शिकवणी बंद केली आणि २००० साली तेथील न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली, दरम्यान शिकवणी काही संपली नव्हती. निर्णय शेवटी घरातच करावा लागतो, आणि तो शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून करू नये. केंद्राच्या २०२५ मधील शिक्षणविषयक पाहणीत सर्व इयत्ता मिळून सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेताना आढळले. म्हणजे न घेणारेच बहुसंख्य आहेत.

तेव्हा अकरावीला प्रवेश झाल्यावर मुलाला निदान पहिली घटक चाचणी होईपर्यंत महाविद्यालयात नियमाने बसू द्यावे. चाचणीची उत्तरपत्रिका घरी मागवून ती त्याच्यासमवेत ओळीओळीने वाचावी आणि गुण कोठे गेले ते विषयशिक्षकांना भेटून विचारावे. त्यानंतरही एखाद्या विषयापुरती शिकवणी लागेलसे वाटले, तर फी दरमहा द्यावी, प्रत्येक वेळी पावती घ्यावी, आणि परताव्याची अट लेखी मिळाल्याविना पहिला हप्ताही भरू नये.