डाव नेमका कोठे हरला?

पिंगळीच्या स्थानकावर पाऊल ठेवावे आणि परभणीकडे जाणारी गाडी डोळ्यांदेखत सुटावी, असे झाले तर आपण म्हणतो, "एका मिनिटाने चुकली!" पण खरा उशीर त्या शेवटच्या मिनिटात झालेला नसतो, तो घरून निघतानाच झालेला असतो.

बुद्धिबळाच्या डावाचेही असेच आहे. शेवटची चूक सर्वांना दिसते; मूळ चूक मात्र शोधावी लागते. या शोधालाच डावाचे पृथक्करण म्हणतात. ते कसे करावे, हे एका छोट्या डावावरून पाहू या.

पट मांडून घ्या. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या स्तंभांना ए ते एच ही अक्षरे आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक द्या. '×' म्हणजे मारणे. पुढील डाव अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने प्रसिद्ध आहे. प्रख्यात खेळाडू फिलिडोर याचा तो गुरू. आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची :

१. प्यादे ई४ – प्यादे ई५
२. घोडा एफ३ – प्यादे डी६
३. उंट सी४ – उंट जी४
४. घोडा सी३ – प्यादे जी६
५. घोडा × ई५ – उंट × डी१
६. उंट × एफ७, शह – राजा ई७
७. घोडा डी५, शह आणि मात!

पाचव्या खेळीला पांढऱ्याने वजीर उघडा टाकला आणि काळ्याने तो घेतला. सहाव्या खेळीनंतर एफ७ वरील उंटाला ई५ च्या घोड्याचा जोर आहे. म्हणून राजाला तो मारता येत नाही. डी७ हे घरही त्याच घोड्याच्या माऱ्यात आहे. राजाला उरते फक्त ई७. तेथे दुसरा घोडा डी५ वरून शह देतो आणि एफ६ हे घरही रोखतो. ई६ व ई८ उंटाने रोखलेली आहेत. बाकीच्या घरांत काळ्याचीच मोहरी अडून बसली आहेत.

मग चूक कोणती? वजीर घेतला ही? आता प्रयोगशाळेत करतो तसे करू. बाकी सारे तेच ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची.

पहिला प्रयोग : पाचव्या खेळीला काळ्याने वजिराऐवजी डी६ च्या प्याद्याने ई५ वरील घोडा मारला. पांढरा वजिराने जी४ वरील उंट मारतो. घोड्याची आणि उंटाची किंमत साधारण सारखीच, प्रत्येकी ३ प्यादी. हिशेब केला, तर काळ्याचे एक प्यादे गेले. पण मात टळली. म्हणजे वजीर घेणे चूक होतेच. पण न घेताही नुकसान झाले. मूळ दोष त्याच्याही मागे आहे.

दुसरा प्रयोग : चौथ्या खेळीला प्यादे जी६ ऐवजी घोडा सी६ खेळा. आता पांढऱ्याने ई५ चे प्यादे मारले, तर काळा सी६ च्या घोड्याने तो घोडा मारतो. ई५ वर आलेल्या या घोड्याचा जी४ च्या उंटाला जोर मिळतो. पांढऱ्या वजिराने उंट मारला, तर वजीरच जाईल. पांढऱ्याने एका प्याद्यासाठी घोडा गमावला! तीच चमकदार खेळी आता घोडचूक ठरली. काळ्याची मूळ चूक सापडली : मोहरे बाहेर काढण्याऐवजी जी६ च्या प्याद्यावर त्याने एक खेळी खर्च केली.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. घोडा सी६ वर असतानाही काळ्याने लोभाने वजीर घेतला, तर पूर्वीप्रमाणेच मात होते! पांढरा जिंकतो, टाळ्याही पडतात. पण त्याची खेळी चूकच होती. म्हणून डाव जिंकला एवढ्यावरून खेळी बरोबर ठरत नाही. जिंकणाऱ्यानेही आपला डाव तपासला पाहिजे.

यासाठी डाव लिहून ठेवणे आवश्यक आहे. मोठ्या स्पर्धांतील दीर्घ वेळेच्या डावांत प्रत्येक खेळी लिहावीच लागते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे डाव जगभरच्या लोकांना तपासता आले, ते खेळ्यांची नोंद होती म्हणूनच. आता संगणक उत्तम खेळी क्षणात दाखवतो, पण 'का?' हा प्रश्न आपणच विचारायचा असतो. म्हणून आधी स्वतः शोधा, मग संगणकाशी ताडून पाहा.

करून पाहा : चौथ्या खेळीला काळ्याने जी८ चा घोडा एफ६ वर आणला, तर पाचव्या खेळीला पांढऱ्याने ई५ चे प्यादे मारावे काय? उत्तर शोधताना जी४ च्या उंटाला कोणाचा जोर आहे आणि डी५ या घरावर कोणाचा मारा आहे, हे आधी पाहा.