टायरचें विष व रस्त्याचें पाणी

पहिल्या पावसाचा लोंढा खाचरांत आला म्हणजे शेतकऱ्यास समाधान वाटतें, कारण त्याबरोबर माळावरचें शेण व गाळ येतो. हमरस्त्यालगतच्या जमिनीस मात्र ही समजूत आतां लागू करतां येत नाहीं. कळंबोलीचेंच पाहा. २००२ सालीं पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग येथून निघतो, लोखंडाचा बाजार येथेंच, आणि मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. टायर झिजतात हें सर्वांस ठाऊक आहे; झिजलेलें रबर कोठें जातें, हें कोणी विचारीत नाहीं. तें भुकटी होऊन रस्त्यावर बसतें आणि पावसाबरोबर गटारांत, व तेथून खाडींत उतरतें.

हवेंतील ओझोन वायूनें रबरास भेगा पडूं नयेत म्हणून त्यांत सिक्स-पीपीडी नांवाचें द्रव्य घालतात. ओझोनशीं संयोग होऊन त्याचेंच सिक्स-पीपीडी-क्विनोन बनतें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत कोहो जातीचा सॅमन मासा अंडीं घालण्यास समुद्रांतून ओढ्यांत चढतो. शहराजवळील ओढ्यांत पाऊस पडतांच हे मासे कांहीं तासांत, अंडीं न घालतांच मरत. कारण अनेक वर्षें सांपडेना. तें हेंच द्रव्य, असें तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. शंभर कोटि लिटर पाण्यांत अवघे ९५ ग्रॅम असलें तरी निम्मे कोहो मरतात. आणि चमत्कार असा कीं, चम नांवाचा त्याचाच भाऊबंद त्याच पाण्यांत जगतो.

आपल्या रावसास बाजारांत 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो निराळ्या कुळांतला. सख्ख्या भाऊबंदांत जर इतका फरक, तर कोहोवरून आमच्या रावसाचें किंवा तळ्यांतल्या जिताड्याचें भविष्य सांगणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तथापि याच पाण्यांत तेल व जस्तही असतें, तेव्हां तें तळ्यांत घेण्याचें कारण काय?

उपाय महाग नाहीं. वाळू व कुजलेलें खत यांच्या थरांतून गाळलेल्या रस्त्याच्या पाण्यांत कोहो जगले, असा तेथील प्रयोग आहे. रस्ता व खाचर यांमध्यें एक चर खणून त्यांत हे थर घालावे. पहिल्या दोन-तीन सरींपुरतें तळ्याचें तोंड बंद ठेवावें. रस्त्याची मोरी आपल्या शेतांत सोडली असल्यास अर्ज पावसाळ्यापूर्वीं द्यावा. पाणी शिरल्यावर दिलेल्या अर्जाचा पंचनामा तेवढा होतो, हें आम्ही दप्तरांतल्या अनुभवावरून सांगतों. चरांत वर सांचलेला काळा गाळ दरवर्षीं उन्हाळ्यांत काढावा, व तो भाजीच्या वाफ्यांत मुळींच टाकूं नये.